खाटेवरचं दुकान

आमच्या शहराचं नाव होडी.
नदी मात्र केव्हाच गिरण्यांखाली गाडलेली,
दगडी नळातून, अंधारात, कुणाला न दिसता वाहते.
वूच. एकोणीसशे नव्वदचा फेब्रुवारी.
भोंगा त्या सोमवारी वाजलाच नाही
आणि आई तरीही साडेचारला उठली.

माळ्यावरून तिनं बाबांची लष्करी खाट काढली,
घडीची, हिरव्या कॅनव्हासची,
मधोमध माणसाच्या वजनाचा खोलगा पडलेला.
त्या खोलग्यात तिनं मोजे ओतले:
तीन महिन्यांच्या पगाराऐवजी
गिरणीनं हातावर ठेवलेले दोनशे चाळीस जोड,
सगळे तपकिरी.

बर्फात खाट मांडून ती उभी राहिली.
ओरडायचं कसं, ते तिला येईना.
वीस वर्षं मागांच्या खडखडाटात
ती ओठांवरचं वाचायला शिकली होती,
हाक मारायला नाही.

दुपारपर्यंत भवानी नाही.
मग एक म्हातारी आली. हातमोजे काढून
एकेक टाच अंगठ्यानं दाबून पाहिली,
नाक मुरडलं, पुढे गेली, परत आली.
"अडीच हजार."
"तीन."
"पलीकडची अडीचला देते."
पलीकडे टेक्ला. आईच्याच खात्यातली,
शेजारच्या मागावरची.
तसलीच खाट, तसलेच तपकिरी मोजे.
दोघींनी एकमेकींना पाहून न पाहिल्यासारखं केलं.

शाळेत झेनोबिउश सरांनी
जुन्या पुस्तकातला सातवा धडा
दोऱ्यानं शिवून बंद करायला लावला.
नवा अजून छापून यायचा होता.
फळ्याकडे तोंड करून ते सांगत राहिले, जणू स्वतःलाच:
उद्योजक धोका पत्करतो. ग्राहक राजा असतो.
सरकार फक्त पंच.
उद्दिष्टं सहा. स्वातंत्र्य, कार्यक्षमता, वाढ…
पाठ करा.

राजाचा कोट कोपरावर उसवलेला होता.
पंच टोपी घालून आला, जागेची पावती फाडली
आणि जाताना दोन जोड खिशात घालून गेला.

कुठल्याही कचेरीतून हुकूम सुटला नव्हता,
तरी पारा उणे पंधराला उतरला
की मोज्यांचा भाव आपोआप चढायचा;
ऊन पडलं की आई स्वतःच शंभर कमी सांगायची.
हे तिला कुणी शिकवलं, मला ठाऊक नाही.
एका पोरीनं विचारलं, "लाल नाहीत?"
त्या रात्री आईनं
आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता काहीतरी ठरवलं.
रंगाच्या चार पुड्या आणल्या,
न्हाणीतलं टब भरलं,
आणि पहाटेपर्यंत काठीनं ढवळत बसली,
ओठ हलत होते. हिशेब असावा, किंवा प्रार्थना.

लाल जोड चार हजारांना गेले. एका दिवसात.

परीक्षेत मी पाचच उद्दिष्टं लिहिली.
सहाव्याची जागा कोरी सोडली.
सरांनी तिथं गुण कापला नाही,
नुसतं एक प्रश्नचिन्ह काढलं, पुसट, पेन्सिलीनं.

पुढे गिरणी भंगारात निघाली तेव्हा
आईनं विणायची दोन यंत्रं किलोच्या भावानं उचलली,
एकावर स्वतः बसली, दुसऱ्यावर टेक्लाला बसवलं.
दिवस बरे गेले. टेक्लानं पोराला सायकल घेतली.
आणि मग परदेशातून कंटेनर येऊ लागले,
डझनाला आमच्या सुताच्या किमतीत.

स्वयंपाकघरात, यंत्रं चालू असताना,
आईनं टेक्लाला सांगितलं. आवाज काढलाच नाही.
टेक्लानं ओठांवरून वाचलं,
मान हलवली,
हातातली टाच पुरी करून मगच उठली.

तीन महिन्यांचा पगार आईनं तिला
मोज्यांत नाही, नोटांत दिला. त्यासाठी एक यंत्र विकलं.
सरांच्या व्याख्येत बसणारा हा व्यवहार नव्हता;
आतबट्ट्याचा होता. मी तेव्हा
अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होते, तसं बोललेही.
आईनं माझे ओठ पाहिले, पण वाचले नाहीत.

टब अजून गुलाबीच आहे.
कितीही घासा.